भाचीचं मागणं

तीन म्हातारे एकाच वेळी घोड्यांवरून चढण चढताना दिसले, तेव्हाच मुकाशला कळलं.

एकटा म्हातारा आला असता तर मीठ मागायला आला असता. दोघे आले असते तर कुणाचं तरी भांडण घेऊन आले असते. तिघे, तेही घोड्या दोहायच्या वेळेला आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता, एकाच कामासाठी येतात. मुकाश वरच्या कुरणात घोडीच्या पायाचा दोर सोडत होता. त्यानं तो सोडला नाही, पुन्हा बांधलाही नाही. नुसता हातात धरून उभा राहिला.

म्हातारे उतरले. त्यांनी घोड्यांची चौकशी केली, गवताची केली, यंदा बर्फ उशिरा वितळला त्याबद्दल बोलले. मग त्यातला थोरला म्हणाला, "मुकाश, हंस उडून गेला तर तळं काय करतं?"

"तळं जागेवर राहतं," मुकाश म्हणाला. असंच म्हणायचं असतं.

"मग तूही राहा. तुझी ताजागुल गेली. पहाटे, चहा ओतता ओतता."

जुमगलच्या खोऱ्यात मरण कुणाला तोंडावर सांगत नाहीत. वळसा घालून आणतात, माणसाला आधी बसवतात, मग बोलतात. त्यात दयाच आहे. पण फोनवरून असा वळसा घातला तर काय होतं, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मुकाश घरी पोचला तेव्हा अंगणात दुखवट्यासाठी राखी नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, गोल घर उभं राहत होतं. बायका आत बाहेर करत होत्या. त्याची थोरली बहीण बुरुल सगळ्यांना कामं वाटून देत होती.

"मीरिमला कळवलं?" मुकाशनं विचारलं.

"कळवायचं कसं? पोरगी परक्या शहरात, एकटी. ऐकून तिथंच कोसळली तर? उलान, फोन लाव. म्हण, आई जरा बरी नाही, ये. इथं आली की आम्ही बायका बघून घेऊ."

मुकाशच्या मुलानं, उलाननं, बहिणीला फोन लावला. पलीकडून कसल्या तरी यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"ताप आहे का?" मीरिम विचारत होती.

"तसंच काहीतरी."

"दादा, आज मला मध्येच सोडून निघता येत नाही. तीन दिवस वाढवलेलं आज काढायचं आहे, नाहीतर सगळं वाया. उद्या पहाटेच्या गाडीनं निघते. आईला दे ना फोन."

"झोपलीय ती."

मुकाशनं हात पुढे केला. उलाननं फोन त्याच्या हातात दिला.

"बाबा?"

"हां."

"तुम्ही कुरणातून खाली कसे आलात?"

मुकाशनं बुरुलकडं पाहिलं. बुरुलनं नाही म्हणून मान हलवली. "ये," एवढंच तो म्हणाला, आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी घाटात डोंगरावरून चिखलाचा लोट आला आणि रस्ता बंद झाला. उन्हाचा तडाखा होता. ताजागुलचा थोरला भाऊ बेइशेन माहेरच्या माणसांना घेऊन आला होता. लग्न झालेल्या बाईची हाडं माहेरची असतात; मातीला द्यायच्या आधी ती माहेरच्यांकडे मागावी लागतात. गावातल्या म्हाताऱ्यांनी दोनदा मागितली, बेइशेननं दोनदा सांगितलं, पोरगी येऊ दे. तिसऱ्यांदा त्यानं आभाळाकडं पाहिलं, कपाळाचा घाम पुसला आणि हो म्हणाला.

पुरुष कबरस्तानातून परतत होते तेव्हा मीरिमची गाडी फाटकापाशी थांबली. तिच्या हातातल्या पिशवीत लिंबं होती आणि तापाच्या गोळ्या. अंगणातलं नमद्याचं घर तिनं पाहिलं. ते कशासाठी उभारतात हे सांगावं लागत नाही. ती कुणाला काही न विचारता आत गेली. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. मुलीनं भिंतीकडे तोंड करून आईचा शोक गायचा असतो. मीरिमला एक शब्द आला नाही. भावजय झिपारनं तिच्या वतीनं गायला.

त्यानंतर मीरिम शहरात परत गेली नाही. आणि मुकाशनंही तिला जा म्हटलं नाही. जा म्हणावं तर पोरीला वाटायचं बाप घालवतोय. राहा म्हणावं तर ताजागुलला काय वाटेल, असं त्याच्या मनात यायचं. म्हणून तो गवताबद्दल बोलायचा.

*

चाळिसाव्या दिवसाचं जेवण चांगलं झालं. घोडी कापली होती. बायकांनी सकाळपासून बोरसोक, पिठाचे फुगीर तुकडे, तळले होते. चादरीवर त्यांचे ढीग पडले होते. मौलवींनी पठण केलं. ताजागुलचे कपडे वाटून झाले. कुणाला रुमाल, कुणाला बंडी, कुणाला बूट. तिचा हिरवा कोट शाळेतल्या स्वयंपाकीणबाईला गेला. दोघी वीस वर्षं एकाच भट्टीपाशी उभ्या राहिल्या होत्या. ती कोट घालूनच घरी गेली, एवढ्या उन्हात.

चारच्या सुमाराला गावची माणसं पांगली. घरची तेवढी चादरीभोवती उरली: बुरुल, उलान, झिपार, मीरिम, आणि मानाच्या जागी बेइशेन. त्याच्यासमोर मेंढीचं डोकं ठेवलेलं होतं. त्यानं सुरीनं एक कान कापला आणि मीरिमच्या पुढ्यात ठेवला. धाकट्यांना कान देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मीरिमनं मान लववली, पण कान बशीतच राहू दिला.

"आता आपण घरचेच आहोत," बुरुल म्हणाली. "बोलायचं ते बोलून घेऊ. मुकाश, तुझ्या चुलीचं काय?"

"पेटतेय की, आक्का. तू आत्ताच तिसरा चहा प्यायलीस."

"मस्करी नको. झिपारचे दिवस भरत आलेत. आधी दोनदा पोटातलं गेलं, या खेपेला तिनं बादली उचलायची नाही. मीरिम राहील. वर्षाचं जेवण होईपर्यंत घर सांभाळील. मग कोचकोरचे लोक तिच्यासाठी विचारून गेलेत त्यांच्याशी बोलता येईल. चांगली माणसं आहेत, मधमाश्या पाळतात."

"चावतात का?" उलाननं विचारलं.

"माणसं की माश्या?" झिपार म्हणाली, आणि मग बुरुलकडे बघून गंभीर झाली. "मीरिम राहिली तर मला बरंच होईल, आत्याबाई. तिनं स्वतःच म्हटलंय राहते म्हणून."

मुकाशनं पेला खाली ठेवला. "तिची परीक्षा आहे सप्टेंबरात."

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"मी जाणार नाहीये, बाबा," मीरिम म्हणाली. "मॅडमना कळवलंय."

"ठाऊक आहे. त्यांनी मला फोन केला होता. त्या म्हणाल्या, शेवटचं प्रात्यक्षिक तेवढं राहिलंय. जागा धरून ठेवते म्हणाल्या. आणि तुझा नमुनाही सांभाळून ठेवलाय म्हणाल्या."

मीरिमचा चेहरा उतरला.

"कसला नमुना?" बुरुलनं विचारलं.

झिपार बोलली. "सासूबाईंचं रक्त, आत्याबाई. शेवटच्या परीक्षेला एका माणसाचं रक्त घेण्यापासून सगळं आपल्या हातानं करून दाखवावं लागतं. सासूबाई शहरात मीरिमला भेटायला गेल्या होत्या ना, तेव्हा दिलं. परत आल्यावर सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या होत्या. म्हणायच्या, मी आठवीत शाळा सोडली, पण माझं रक्त कॉलेजात बसलंय."

उलान हसला. मुकाशलाही हसू आलं. ताजागुल ते सांगताना कमरेवर हात ठेवायची.

बुरुल हसली नाही. "दिलं म्हणजे? अजून आहे ते?"

"शीतपेटीत असेल," झिपार म्हणाली.

"मग आपण पुरलं काय?"

चादरीवरचे हात थांबले.

"कापलेली नखंसुद्धा आपण मातीत घालतो," बुरुल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, घाबरलेला होता. "विंचरलेले केस गोळा करून पुरतो. आणि या बाईचं रक्त तिकडं बाटलीत, परक्या कपाटात? चाळीस दिवस मी तिच्यासाठी दुवा मागतेय, आणि ती पुरती मातीला मिळालेलीच नाही? मुकाश, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि गप्प बसलास?"

"मला वाटलं, सुईभर रक्त. डॉक्टरसुद्धा घेतोच की."

"डॉक्टर घेतो ते जिवंत माणसाचं." बुरुलनं मीरिमकडं तोंड वळवलं. "उद्याच्या उद्या उलानबरोबर जा, ते घेऊन ये, आईच्या पायापाशी पुर. आणि ते काम तिथंच संपव. ज्या कामात आईला कपाटात ठेवावं लागतं ते काम आपल्या घराण्यात नको."

"बरं, आत्या," मीरिम म्हणाली.

तिनं इतक्या पटकन बरं म्हटलं, ते मुकाशला बुरुलच्या बोलण्याहून जास्त लागलं. ही पोरगी पाच वर्षांची असताना, दूध नासलं तर ते का नासलं हे सांगितल्याशिवाय जेवायची नाही.

"आक्का," तो म्हणाला, "हे ठरवायचा हक्क तुझा नाही. माझाही नाही."

"मग कुणाचा?"

मुकाशनं मानाच्या जागेकडं हात केला.

बेइशेन इतका वेळ सुरीनं हाड कोरत बसला होता. मागच्या हिवाळ्यातल्या घोड्याच्या वादानंतर तो आणि मुकाश समोरासमोर फारसे बोलत नसत. त्यानं सुरी पुसली, मिटली, खिशात ठेवली.

"मीरिम," तो म्हणाला, "कान खा."

मीरिमनं कान उचलून तोंडात घातला. चावून होईपर्यंत सगळे थांबले.

"आता सांग. तिथं नेमकं काय आहे?"

"काही नाही, मामा. चिमूटभर गाळ असतो, औषधात बुडवलेला. त्यातला थेंब ओल्या काचपट्टीवर वरून टाकायचा. तो पसरतो. हवा कोरडी असली की नीट पसरत नाही, मग काचेवर श्वास सोडायचा. सुकली की रंगात घालायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. गुणसूत्रं दिसतात. त्यांच्या जोड्या लावायच्या. एखादं कमी आहे, जास्त आहे, तुटून भलतीकडे चिकटलंय, ते बघायचं. एवढंच काम."

"एवढंच शिकायला दोन वर्षं?"

"पहिले सहा महिने तर काचाच धुतल्या, मामा."

"ते जिवंत आहे का?" बुरुलनं विचारलं. "मला तेवढं सांग."

मीरिमनं समोरचा बोरसोक उचलला, फोडला, तसाच खाली ठेवला.

"त्या दिवशी होतं," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"आई गेली त्या पहाटे. तिच्या पेशी तेव्हा तिकडं उबेच्या कपाटात वाढत होत्या. त्या वाढताना एका औषधानं थांबवाव्या लागतात, तरच आतलं दिसतं. दादाचा फोन आला तेव्हा औषधाची नळी माझ्या हातात होती. आई जरा बरी नाही म्हणाला. फोन ठेवला आणि घड्याळ बघून औषध घातलं. मी आईचंच काम करत होते, आत्या. तिचंच रक्त वाया जाऊ नये म्हणून एक दिवस राहिले. आणि तिचं तोंड बघायचं राहिलं." ती थांबली. "तेवढंच तिचं जिवंत उरलं होतं. तेही मीच थांबवलं. आता मला त्या खोलीत जाववत नाही."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकला. बुरुलनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रुमालाचं टोक तोंडावर धरलं. वळसा घालून फोन करायला तिनंच सांगितलं होतं. मुकाशनं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते तिला ओरडल्यासारखं झालं असतं, आणि फोन तर त्याच्याही हातात आला होता.

"औषध घातलं नसतं तर?" बेइशेननं विचारलं.

"दोन-चार दिवसांत मेल्या असत्या. काहीच उरलं नसतं."

"आणि घातलं म्हणून?"

"वर्षानुवर्षं राहतात."

"हं." बेइशेननं दाढीवरून हात फिरवला. "आणि त्यात ताजागुलच आहे फक्त?"

"म्हणजे?"

"जोड्या म्हणालीस."

"जोडीतलं एक आईकडून आलेलं असतं, एक वडिलांकडून. म्हणजे आईच्या आईकडून, आणि तिच्या वडिलांकडून."

"तिची आई म्हणजे माझी आई."

"हो, मामा."

बेइशेननं समोरची बशी बाजूला सरकवली. मुकाशला ठाऊक होतं तो कशाचा विचार करतोय. ताजागुल पाळण्यात होती तेव्हा त्यांची आई गेली. बेइशेन तेव्हा नुकता घोड्यावर बसायला शिकत होता. घरात फोटो नव्हता. ताजागुल कधीकधी आरशात बघून म्हणायची, यातलं तिचं कुठलं असेल कुणास ठाऊक.

"माझ्या नातवाला सात पिढ्यांच्या बापांची नावं येतात," बेइशेन म्हणाला. "अडखळला तर मी कान पिळतो. माझ्या बापानं माझा पिळला. पण आईचं नाव सांग, असं मला कधी कुणी म्हटलं नाही. मीही कुणाला म्हटलं नाही." तो पुढं झुकला. "तिचा चेहरा दिसेल का गं त्यात?"

मीरिमनं मान हलवली. "नाही, मामा. चेहरा नाही दिसत. आडवे पट्टे दिसतात, काळे-पांढरे."

"सतरंजीसारखे?"

"जवळजवळ."

"पण त्यातलं माझ्या आईचं कुठलं ते तरी कळेल?"

"नाही. जोडीतलं एक तिचं, एवढंच. कुठलं ते बघून सांगता येत नाही."

"एवढंही सांगता येत नाही!" बुरुल रुमालाआडून म्हणाली. "आणि म्हणे दोन वर्षं!"

आधी झिपारला हसू फुटलं. मग उलानला, मग खुद्द बेइशेनला. मीरिमसुद्धा नाक पुसत हसली. हसणं ओसरलं तेव्हा झिपारनं पोटावर हात ठेवला आणि बुरुलकडे वळली.

"आत्याबाई, मी मघाशी म्हटलं राहिली तर बरं. ते मी माझ्यापुरतं म्हटलं. माझं दुसऱ्यांदा गेलं तेव्हा आमचं दोघांचं रक्त हेच तपासायला नारीनच्या इस्पितळातून राजधानीला पाठवलं होतं. वाटेत उन्हात खराब झालं. पुन्हा काढलं, पुन्हा पाठवलं. मी रोज संध्याकाळी फाटकापाशी उभी राहायची. शेजारणी म्हणायच्या, हिला कुणाची नजर लागली. नारीनला हे बघणारी एक बाई असती तर मला इतकं ताटकळावं लागलं नसतं. मीरिमनं शिकावं."

"आणि बादली?"

"बादली उलान उचलेल."

"मी?" उलान म्हणाला.

"का, तुझे दिवस भरलेत?" बुरुल त्याच्यावर खेकसली. तिला कुणावर तरी खेकसायचंच होतं. मग ती पुन्हा बेइशेनकडे वळली, पण आता तिच्या बोलण्यात हुकूम नव्हता. "शिकायचं ते शिकू दे, पाव्हणे. मी शिक्षणाच्या आड येत नाही. पण मातीचं मातीला गेलं पाहिजे की नको? मी मेल्यावर ताजागुल मला विचारील, आक्का, माझं थोडं वरच का ठेवलंस? काय सांगू?"

हा प्रश्न खरा होता, म्हणून कुणी हसलं नाही.

"ऐका," बेइशेन म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे हाडं मागितलीत. म्हाताऱ्यांसमोर मागितलीत, मी दिली. रक्ताचं तेव्हा कुणी मागितलं नव्हतं, म्हणून मी दिलंही नाही. म्हणजे ते अजून माहेरचंच आहे."

"ते तुम्ही घेऊन काय करणार? तुमच्या शीतपेटीत मांसाला जागा पुरत नाही," बुरुल म्हणाली.

"मी काही करणार नाही. पण भाचीनं मामाकडे काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. हिनं घोडा मागितला तरी मला द्यावा लागेल." त्यानं मुकाशकडे तिरका डोळा टाकला. "कुणाकुणाला मागायची सवय असते, पण त्यांचा हक्क नसतो. हिचा आहे. मीरिम, माग. तू मागितलंस तर ते तुझं, तुझ्या शिक्षणाचं. नाही मागितलंस तर उद्या मी उलानबरोबर जातो आणि आणून पुरतो. मग बुरुलबाई म्हणतात तसं."

सगळे मीरिमकडे बघू लागले. मुकाशच्या मनात आलं, माग. पोरी, माग. पण हे दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं म्हणता येत नव्हतं. शोक गाता येतो दुसऱ्याच्या वतीनं, मागणं मागता येत नाही.

मीरिमनं रिकामे पेले एकात एक बसवले, उठली आणि बाहेर गेली.

*

नमद्याचं घर होतं तिथं अंगणात गवताचा फिकट गोल उरला होता. मीरिम त्याच्या कडेला उभी होती. मुकाश तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं.

"गवत सोमवारी कापायला घ्यावं म्हणतो," तो म्हणाला.

"हं."

"तू मागच्या हिवाळ्यात ते कागदाचे तुकडे आणले होतेस."

शिकणाऱ्यांना संगणकाला हात लावू देण्याआधी मॅडम त्यांच्याकडून गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून घ्यायच्या आणि कागदावर जोड्या लावायला लावायच्या. मीरिम तो सराव सुट्टीत घरी करायची. ताजागुल पीठ मळता मळता मदतीला यायची आणि सगळ्या जोड्या चुकवायची.

"आई काय म्हणायची, आठवतं का?" मुकाश म्हणाला.

"'हे दोघं भांडलेले दिसतात, यांना शेजारी बसवू नको.'"

"आणि तो आखूड असायचा, त्याला बेइशेन म्हणायची."

मीरिम हसली आणि लगेच रडली. मुकाशनं तिला रडू दिलं. थोड्या वेळानं तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "बाबा, फोन तुमच्या हातात होता. तुम्ही सांगितलं असतंत तर मी तशीच निघाले असते."

"हो."

"मग का नाही सांगितलं?"

"आपल्यात तोंडावर सांगत नाहीत."

"आमच्याकडे सांगतात," मीरिम म्हणाली. "निकाल काहीही असो, वळसा घालायचा नाही, हे मॅडमनी आम्हाला काचा धुवायच्या आधी शिकवलं. समोरच्याला जे करायचं असतं ते करायला वेळ मिळाला पाहिजे."

मुकाशनं त्या फिकट गोलाकडं पाहिलं. गेले कितीतरी दिवस तो जे गवतामागं दडवत होता ते आता त्याला फार लहान आणि सोपं वाटलं.

"मग मीही सरळ सांगतो," तो म्हणाला. "तू इथं राहिलीस तर मला बरं वाटेल. घर खायला उठतं. सकाळी दोन पेले काढतो आणि एक परत ठेवतो. तरी तू जा."

मीरिमनं डोळे पुसले. ती आत गेली, आणि रात्रीच्या जेवणाला तिनं पीठ मळलं.

*

सकाळी बेइशेनची गाडी निघायला तयार होती. मुकाशनं मागच्या बाजूला कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, बुधला ठेवला. घोड्याचा वाद मिटला की नाही हे दोघांनाही सांगता आलं नसतं, पण बुधला बेइशेननं घेतला. तो स्टिअरिंगशी बसला, काच खाली केली आणि वाट बघू लागला.

मीरिम घरातून आली. तिनं केस घट्ट बांधले होते.

"मामा, आईचं रक्त मला द्या."

"दिलं," बेइशेन म्हणाला. एवढंच. मग गाडी सुरू करता करता म्हणाला, "माझ्या आईचं नाव सोनून. तिथं कुठं नावं लिहीत असाल तर."

"नमुन्याला नाव नसतं, मामा. आकडा असतो."

"मग तू ध्यानात ठेव."

गाडी फाटकाबाहेर गेली. बुरुल पायरीवर उभी होती. तिनं मीरिमला जवळ बोलावलं आणि ताजागुलचा पांढरा रुमाल तिच्या गळ्यात घातला. कालच्या वाटणीत तो तिनं स्वतःसाठी ठेवून घेतला होता.

"बघून झालं की उरलेलं घेऊन यायचं. फेकू द्यायचं नाही. मी माझ्या हातानं पुरीन."

"आणीन, आत्या. मॅडमना सांगते."

"आणि एकटीनं बघू नकोस. बापाला ने."

"मला काय कळणार त्यातलं?" मुकाश म्हणाला.

"तिच्या आईला तरी काय कळत होतं?" बुरुल म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मीरिम त्याच आठवड्यात शहरात परतली. गवत कापून झालं, गंजी लागली. उलान बादल्या उचलतो आणि दर वेळी ते सगळ्यांना सांगतो. ताजागुलच्या कबरीभोवती विटांचा कठडा झाला. परीक्षा अजून व्हायची आहे. ती काच अजून कुणी पाहिलेली नाही, आणि ताजागुलचं जे थोडंसं वर राहिलं आहे ते अजून पुरायचं आहे.